टाचेची नस बधिर करण्याआधी

पत्र थोडक्यात : सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय 51. बरीच वर्षं घरातूनच पोळी-भाजी केंद्र चालवतात. सकाळी सहापासून दुपारी एकपर्यंत ओट्याशी उभं राहणं. मधुमेह नऊ वर्षांचा, गोळ्या चालू. उजवी टाच दीड वर्षापासून दुखते. आधी फक्त सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या चार पावलांना जीव जायचा, मग पाय सैल व्हायचा. हल्ली संध्याकाळी टाचेच्या आतल्या बाजूला आग होते, मुंग्या येतात. एक्स-रेमध्ये ‘हाड वाढलंय’ असं निघालं. टाचेत स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं झाली. पहिल्याने दोन महिने बरं वाटलं, दुसऱ्याने जेमतेम पंधरा दिवस. आता एका पेन क्लिनिकने रेडिओफ्रिक्वेन्सीने टाचेची नस बधिर करण्याचा सल्ला दिलाय. कापाकापी नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. खर्च मात्र केंद्राच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा. मुलीचं लग्न तीन महिन्यांवर आहे, तुळशीचं लग्न झालं की लगेच. नणंद म्हणते, नस जाळली की पाय लुळा पडतो, त्यापेक्षा वैद्यांकडून डाग देऊन घे. यजमान म्हणतात, वजन उतरव, आपोआप थांबेल. ताई लिहितात, ‘दुखणं कळलंच नाही तर मी दिवसभर उभी राहू शकेन. करू की नको?’

ताई,

उत्तर आधीच देते, कारण त्यासाठीच तुम्ही लिहिलंय. आत्ता लगेच नको. कधीच नको, असं मात्र मी म्हणत नाही. तुमचा पाय मी हातात घेऊन पाहिलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण त्यांच्यासमोर पुन्हा बसाल तेव्हा काय विचारायचं आणि तोवर घरी काय करायचं, एवढं मी नक्की सांगू शकते.

सुरुवात त्या वाढलेल्या हाडापासून करू. एक्स-रेवर ते टोक दिसलं की घरातल्या सगळ्यांना कारण सापडल्यासारखं वाटतं. पण ज्यांची टाच आयुष्यात कधी दुखली नाही, अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ते असतं आणि टाचदुखीने हैराण झालेल्या अनेकांत ते नसतं. शिवाय ते जमिनीच्या दिशेने वाढत नाही, पुढे बोटांकडे वाढतं. चालताना ते आत रुततं ही समजूतच चुकीची आहे. तेव्हा ते हाड काढायचं का, घासायचं का, हा विचार डोक्यातून काढून टाका.

मग दुखतंय काय? तुमच्या पत्रात मला दोन वेगवेगळी दुखणी दिसतात.

पहिलं दुखणं सकाळच्या पावलांचं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखाली एक जाड, चिवट पट्टा असतो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. रात्रभर तो आखडतो, सकाळी पहिल्या पावलाला ताणला जातो आणि कळ येते. चालायला लागलं की सैल पडतो, दिवसभर उभं राहिलं की पुन्हा कुरकुरतो. टाचदुखीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. सोनोग्राफीत हा पट्टा साधारण 4 मिलिमीटरहून जाड दिसला तर संशय बळावतो. दुखणं जुनं झालं की त्यात सूज कमी आणि झीज जास्त असते. दुसरं इंजेक्शन पंधरा दिवसांत का विरलं, याचं एक कारण बहुधा हेच असावं. स्टेरॉइड सुजेवर चालतं, झिजेवर नाही.

दुसरं दुखणं संध्याकाळचं, आग आणि मुंग्यांचं. हे पट्ट्याच्या स्वभावात बसत नाही, नसेच्या बसतं. पोटरीतून येणारी टिबियल नस आतल्या घोट्याच्या मागून तळपायात उतरते आणि तिथे तिला फांद्या फुटतात. एक फांदी टाचेच्या कातडीला संवेदना देते. दुसरी टाचेच्या हाडाच्या पुढून आडवी जाते. अमेरिकेतले शल्यविशारद डोनाल्ड बॅक्स्टर यांनी 1980च्या दशकात तिच्याकडे लक्ष वेधलं, म्हणून डॉक्टर तिला ‘बॅक्स्टर नर्व्ह’ म्हणतात. ती दोन स्नायूंच्या मध्ये किंवा जाड झालेल्या फॅशियाजवळ दाबली जाऊ शकते. म्हणजे तुमचं पहिलं दुखणंच दुसऱ्याचं कारण असू शकतं. घोट्यामागे बोटाने हलकं ठोकून पाहिलं आणि झिणझिणी टाचेत उतरली, तर डॉक्टर वरच्या मोठ्या नसेचाही विचार करतात.

आणि तिसरी शक्यता, जिचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय. नऊ वर्षांचा मधुमेह. साखरेने नसा खराब होतात तेव्हा बहुतेक वेळा दोन्ही पाय धरतात, सुरुवात बोटांपासून होते आणि रात्री त्रास वाढतो. तुमचं एकाच टाचेत आहे, म्हणजे सगळा दोष साखरेचा नसावा. पण मधुमेहात नसा आधीच हळव्या झालेल्या असतात, थोड्याशा दाबानेही त्या तक्रार करू लागतात. शिवाय तुमच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन असेल, बहुधा असेलच, तर ते वर्षानुवर्षं घेतल्याने बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. आणि बी-12 कमी झालं की पायाला मुंग्या येतात. रक्ताची एवढी साधी तपासणी तुमच्या पत्रात कुठेच नाही. दोन महिन्यांच्या कमाईची गोष्ट करण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे.

आता त्या उपचाराकडे येते, कारण तुमच्या नणंदेची भीती आणि तुमची आशा, दोन्ही थोड्या जास्तच आहेत.

रेडिओफ्रिक्वेन्सीमध्ये भूल देऊन एक बारीक सुई, बहुतेक सोनोग्राफीत बघत बघत, नसेच्या अगदी जवळ नेतात. सुईचं टोक साधारण 80 ते 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, एक-दीड मिनिटं. तेवढ्या भागातली नस निकामी होते आणि वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही. याचाच एक सौम्य प्रकार आहे, ‘पल्स्ड’. त्यात तापमान 42 अंशांच्या आसपासच ठेवतात. नस मारत नाहीत, तिचं निरोप पाठवणं मंद करायचा प्रयत्न करतात. तिसरा प्रकार उलट्या दिशेचा, गोठवण्याचा, म्हणजे क्रायो. त्यात सुईच्या टोकाशी शून्याखाली साठ-सत्तर अंशांपर्यंत थंडावा तयार करतात. विजेच्या वायरमधली तार तुटावी पण वरचं प्लास्टिक शाबूत राहावं, तसं गोठवलेल्या नसेचं होतं. आवरण टिकल्यामुळे नवी नस त्याच वाटेने परत वाढते. उष्णतेत ते आवरण टिकेलच असं नाही, म्हणून नंतर नस चिडण्याचा, नवी आग सुरू होण्याचा धोका जाळण्यात थोडा जास्त मानतात. तुम्हाला यातला नेमका कोणता प्रकार सुचवलाय, हे पत्रात नाही. क्लिनिकमध्ये विचारा. तुमच्यासारख्या पायात ‘जाळणं’ आणि ‘पल्स्ड’ यांतला फरक बारीकसारीक नाही.

नणंदबाईंना सांगा, पाय लुळा पडत नाही. पाय उचलणाऱ्या, घोटा वळवणाऱ्या स्नायूंच्या नसा वेगळ्या आहेत आणि जाणकार डॉक्टर त्यांच्या वाटेला जात नाहीत. बॅक्स्टरची फांदी करंगळीकडच्या एका लहान स्नायूला चालवते. तो थोडा दुबळा झाला तरी चालताना तुम्हाला कळणार नाही.

आणि तुम्हाला सांगायचं ते असं की हा आराम कायमचा नसतो. नस परत वाढते. अनेकांना सहा महिने ते वर्षभर बरं वाटतं, काहींना त्याहून जास्त, काहींना अजिबात नाही. टाचेवरच्या या उपचाराचे अभ्यास झालेत, निकाल आशादायक आहेत, पण बहुतेक अभ्यास छोटे आहेत. ‘शंभर टक्के गुण’ असं कुणी सांगत असेल तर त्याचा पुरावा आज कुणाकडेच नाही. तेवढ्या महिन्यांत फॅशिया बरा होत नाही, पाय बळकट होत नाही, ओट्याची उंची बदलत नाही. फक्त निरोप येत नाही.

म्हणूनच ‘दुखणं कळलंच नाही तर दिवसभर उभी राहू शकेन’ हे वाक्य वाचून मला धास्ती वाटली. ताई, तुम्ही तापल्या तव्याशी अनवाणी काम करता. पायावर तेल उडतं, फरशीवर काचेची कपची पडते, थंडीत टाचेला भेग पडते. मधुमेह नसलेल्या बाईची टाच वर्षभर थोडी बधिर राहिली तर फार बिघडत नाही. तुमच्या टाचेला भेगेतून जखम झाली आणि चार दिवस कळलीच नाही, तर ती जखम टाचदुखीपेक्षा मोठी गोष्ट होईल. मधुमेही पायाच्या जखमा चिघळून बोटं, कधी पाऊलही गमवावं लागतं, हे तुम्ही आसपास पाहिलं असेलच.

तेव्हा क्लिनिकमध्ये जाल तेव्हा आधी पायाची संवेदना तपासून मागा. 10 ग्रॅमच्या नायलॉनच्या धाग्याने तळव्याला स्पर्श करून बघतात, कंपनं कळतात का ते 128 हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने किंवा बायोथेसिओमीटर नावाच्या यंत्राने बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम. पायातली नाडी नीट लागते का, तेही बघायला सांगा. एचबीए1सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, ताजा रिपोर्ट सोबत न्या. संवेदना आधीच कमी असेल, तर माझ्या मते नस जाळण्याचा विषय तिथेच संपवावा. संवेदना चांगली असेल तर पुढचं बोलता येईल.

पुढचं म्हणजे ‘टेस्ट ब्लॉक’. हे समजून घ्या, कारण टाचेचाच नव्हे, गुडघ्याचा, कमरेचा, कुठलाही नस-उपचार सुचवलेल्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल. नस निकामी करण्याआधी तिच्याजवळ भुलेचं अगदी थोडं औषध, मिलिलिटर-दोन मिलिलिटर, टाकून बघतात. त्या दोन-तीन तासांत आपल्याला नेहमी ज्याने दुखतं तेच करायचं असतं. म्हणजे तुम्ही घरी जाऊन पडून राहायचं नाही, उभं राहून पोळ्या लाटायच्या. दुखणं निम्म्याहून कमी झालं, तर उपचाराला आधार आहे. झालं नाही, तर ती नस जाळून काही मिळणार नाही. शक्य असेल तर हे वेगवेगळ्या दिवशी दोनदा करतात, कारण एकदा बरं वाटण्यात मनाचाही हात असतो. आणि औषध भरपूर टाकलं तर सगळी टाचच बधिर होते, मग त्यातून काहीच सिद्ध होत नाही. किती टाकलं, हे विचारायला संकोच करू नका.

ब्लॉक यशस्वी झाला म्हणून नसच आजारी आहे असं ठरत नाही, बरं का. फॅशियाचं दुखणंही त्याच वाटेने वर जातं, त्यामुळे वाट बंद केली की तेही थांबतं. याउलट नस खरोखर कुठे दाबली गेली असेल, तर तिला मारण्यापेक्षा मोकळं करणं हा सरळ मार्ग आहे. त्यासाठी सोनोग्राफीत बघत नसेभोवती द्रव सोडून ती सुटी करतात, फार क्वचित शस्त्रक्रिया लागते. बॅक्स्टरची नस बराच काळ दाबलेली असेल तर एमआरआयमध्ये करंगळीकडचा तो छोटा स्नायू वाळलेला दिसतो. हे सगळं पाहिल्यावर ज्याने ‘जाळू या’ म्हटलं, त्या डॉक्टरांवर मी विश्वास ठेवीन. एक्स-रे पाहून म्हणणाऱ्यांवर नाही.

आता घरचं. पत्रात दोन इंजेक्शनं आहेत, हाड आहे, नस आहे, पण व्यायाम कुणी शिकवला का, याबद्दल एक अक्षर नाही. ते मला सगळ्यात खटकलं. टाचदुखीच्या दहापैकी आठ-नऊ लोकांचं दुखणं वर्षभराच्या साध्या उपायांनी शमतं. तुमचं दीड वर्ष झालं खरं, पण साधे उपाय झालेच नसतील तर ते दीड वर्ष त्या हिशेबात धरता येत नाही.

सकाळी पाय खाली टेकवण्याआधी पलंगावरच उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्या, हाताने सगळी बोटं नडगीकडे ओढा, तळव्याचा पट्टा ताठ लागला पाहिजे. दहा आकडे मोजा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून आणखी दोनदा. अमेरिकेत 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा ताण नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा सरस ठरला होता. दुसरा व्यायाम ताकदीचा. टॉवेलची गुंडाळी पायरीच्या कडेवर ठेवायची, बोटं त्यावर, टाच पायरीबाहेर, कठड्याला धरून तीन आकड्यांत वर जायचं, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली यायचं. सुरुवात दोन्ही पायांवर करा, जमेल तेव्हा एका पायावर. रोज नाही, एक दिवसाआड. डेन्मार्कच्या 2015 च्या अभ्यासात तीन महिन्यांनी हे करणारे नुसता ताण देणाऱ्यांच्या बरेच पुढे होते. वर्षाअखेर दोघे सारखेच झाले, हेही सांगायला हवं. पण तुम्हाला तर तीन महिन्यांशीच मतलब आहे! करताना थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर फेऱ्या कमी करा. आधी एकदा फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या, म्हणजे चुकीचं बसणार नाही.

तिसरं स्टेरॉइड इंजेक्शन कुणी सुचवलं तर नम्रपणे नको म्हणा. वारंवार घेतल्याने फॅशिया फाटू शकतो, टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, आणि तुमची साखर काही दिवस चढते ती वेगळीच. व्यायाम दोन-अडीच महिने नेटाने करूनही हललं नाही, तर नसेकडे वळण्याआधी शॉकवेव्ह नावाच्या उपचाराची चौकशी करा. बाहेरून यंत्र लावून आठवड्याला एक अशा काही बैठका असतात. दुखतं, पण काही मारत नाही.

स्वयंपाकघरात चप्पल घालायची नाही, ही आपल्या घरांतली शिस्त टाचेला फार महाग पडते. बाहेरची चप्पल नकोच. मऊ तळव्याची, मागे पट्टा असलेली, रोज धुता येईल अशी वेगळी जोडी फक्त ओट्यासाठी घ्या. देवघरात काढून ठेवा, देव रागावणार नाहीत. ओट्यापुढे जाड रबरी मॅट टाका, पण तेलात सरकणार नाही अशी. आणि पोळ्या उभ्यानेच लाटायच्या हे कुणी ठरवलं? उंच स्टूल घेऊन लाटणं बसून, भाजणं उभ्याने, मदतनीस बाईशी तासातासाला अदलाबदल. सात तास सलग एका जागी उभं राहणं धडधाकट टाचेलाही मानवत नाही.

डाग देण्याबद्दल. अग्निकर्म आपल्याकडे जुनं आहे, टाचदुखीला अनेकजण करून घेतात आणि बरं वाटल्याचं सांगतात. पण मधुमेहात टाचेच्या कातडीवर मुद्दाम भाजून घेणं मला अजिबात पटत नाही. चांगले वैद्य आधी साखरच विचारतील. यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. वजनाचा भार टाचेवर येतो, ते कमी झालं तर साखरेलाही बरं. पण जिला चालवत नाही तिला ‘चाल आणि उतरव’ म्हणणं सोपं असतं. पाण्यातला व्यायाम किंवा सायकल चालेल. आणि वजन उतरेपर्यंत उपचार थांबवायचे नाहीत.

राहिलं लग्न. नस-उपचारानंतर पहिले एक-दोन आठवडे टाच उलट जास्त हुळहुळते, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. म्हणून लग्नाच्या तोंडावर तो करू नका. तीन महिने व्यायाम, मॅट, स्टूल आणि तपासण्या. लग्नघरात मांडवात बहुतेक अनवाणीच असाल, तर विधींच्या वेळी पाटावर बसा आणि पाहुण्यांना निरोप द्यायला दाराशी उभं राहायचं काम जावेकडे सोपवा. गरज उरलीच तर उपचाराचं पौषात बघू.

इतर वाचकांपैकी ज्यांच्या दोन्ही टाचा दुखतात, वय तिशीच्या आसपास आहे आणि सकाळी कंबर तासभर आखडलेली असते, त्यांनी संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं, तो आजार वेगळा असू शकतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबली की जीवघेणी कळ येत असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि पेसमेकर बसवलेल्यांनी सुईच्या गोष्टीआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आणि ताई, क्लिनिकमध्ये पैसे भरण्याआधी विमा असेल तर कंपनीकडून लेखी मंजुरी घ्या, ‘डे-केअरमध्ये बसतं’ एवढ्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. सोबत एक वही न्या. त्यात आठवडाभर रोज तीन ओळी लिहिलेल्या असू द्या. सकाळच्या पहिल्या पावलाला किती दुखलं, संध्याकाळी आग किती वाजता सुरू झाली, आणि रात्री पाय वर ठेवल्यावर ती थांबली की चालूच राहिली.